दोन कंदिलांमधले शहर

युद्ध पाहावयाचे असेल तर रणभूमीवर गेले पाहिजे, हा हजारो वर्षांचा शिरस्ता विमानाने मोडला. १९३० नंतरच्या दशकात रणभूमीच उठून शहरात आली, आणि ज्या शहरावर आज ना उद्या बॉम्ब पडणार हे पक्के ठाऊक आहे तेथे आपण होऊन मुक्कामास जाणाऱ्या माणसांची एक नवी जात जगात निर्माण झाली. कोणी वार्ताहर म्हणून गेले, कोणी डॉक्टर म्हणून, कोणी आपल्या राष्ट्राची सहानुभूती कळवावयास गेले, आणि कोणी, खरे सांगावयाचे तर, केवळ कुतूहलापोटी गेले. ह्या सर्वांच्या खिशात परतीचे तिकीट होते. बार्सेलोना, लंडन, चुंगकिंग ह्या शहरांवरील हल्ल्यांचे जे चित्र आपल्या मनात आहे, त्याचा बराच मोठा भाग ह्या तिकीटवाल्यांनीच रेखाटलेला आहे. कारण तेथल्या रहिवाशांना ढिगारे उपसण्यातून लिहावयास सवड क्वचितच मिळाली.

ह्यांपैकी चुंगकिंगकडे मराठी वाचकाचे लक्ष जावयास एक घरचे कारण आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून राष्ट्रसभेने, म्हणजे काँग्रेसने, धाडलेले पाच डॉक्टरांचे पथक जपानशी लढत असलेल्या चीनला निघाले, त्यांत नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस असे दोघे आपले होते. कँटनला उतरून ते हँकौस गेले, आणि हँकौही जपान्यांच्या हाती पडण्याचा रंग दिसू लागला तेव्हा मागे सरत सरत नोव्हेंबरात चुंगकिंगला पोचले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १९३९ च्या ऑगस्टात, पंडित नेहरू त्याच शहराचे पाहुणे झाले. आणि दुसरे कारण असे की, हवाई हल्ल्याच्या पोटात बॉम्ब किती असतो आणि वाट पाहणे किती असते, हे ह्या शहराने जितके स्वच्छ दाखविले तितके दुसऱ्या कोणत्याही शहराने दाखविलेले नाही.

चुंगकिंग हे चीनच्या अंतर्भागातील, तेव्हा सेचुआन प्रांतात मोडणारे शहर. यांगत्से आणि चिआलिंग ह्या दोन नद्यांच्या संगमापाशी खडकाची जी उंच चिंचोळी जीभ पुढे आली आहे, तिच्यावर ते वसलेले. नदीकाठापासून गावात जावयाचे तर शेकडो पायऱ्या चढाव्या लागत, आणि पाहुणा जरा प्रतिष्ठित असला तर दोन भोयांच्या खांद्यावरील बांबूच्या खुर्चीत बसून, आपले पाय आकाशाकडे आणि डोके नदीकडे अशा अवघड अवस्थेत, त्याचा नगरप्रवेश होई. पाण्याच्या कडेची घरे बांबूच्या उंच खांबांवर उभी. भिंती बांबूच्या कामट्यांच्या आणि वर चिखलाचा गिलावा. राष्ट्रीय सरकारने नानकिंग सोडून १९३७ च्या नोव्हेंबरात आपले दप्तर येथे हलविण्याचे जाहीर केले, तेव्हा गावाची वस्ती पाच लाखांच्या आत होती. युद्ध संपेपर्यंत ती दुपटीहून अधिक झाली. ज्या गावात घराला घर लागलेले, गल्ल्या अरुंद आणि भिंती जळाऊ, त्यावर आग लावणारे बॉम्ब टाकावयास शत्रूला फारशी विद्या लागत नाही. परंतु ज्या खडकावर हे शहर उभे होते तो वालुकाश्म होता, कोरावयास सोसेल इतका मऊ आणि छत धरून ठेवील इतका घट्ट; म्हणून जमिनीवर काड्यांचे शहर आणि जमिनीखाली दगडाचे शहर अशी दोन शहरे तेथे एकावर एक नांदू लागली.

ह्या दुहेरी शहराचा आणखी एक रक्षक होता, तो म्हणजे धुके. सेचुआनचे कुत्रे सूर्य दिसला की भुंकतात अशी चिनी म्हण आहे, आणि हिवाळ्यात तेथे राहिलेल्या कोणासही तीत अतिशयोक्ती वाटलेली नाही. साधारण नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत शहर धुक्याच्या दुलईत गुरफटलेले असे आणि वरून जाणाऱ्या वैमानिकाला ते दिसतच नसे. आपल्याकडे पाऊस लागला की तमाशाचे फड मिटतात आणि दसऱ्याला पुन्हा उभे राहतात. तसा चुंगकिंगच्या नाटकमंडळ्यांचा हंगाम धुक्यावर ठरू लागला. कुओ मो-जो ह्यांचे ‘छू युआन’ हे नाटक १९४२ च्या एप्रिलात, म्हणजे धुके विरावयाच्या बेतात असताना, रंगभूमीवर आले. बाहेरच्या जगात वसंताचे स्वागत होत असता ह्या एका शहरात निरभ्र आकाश दिसले की लोकांचे चेहरे उतरत, हे नव्या पाहुण्याच्या ध्यानात यावयास काही दिवस लागत. चोळकर आणि कोटणीस ह्यांचा मुक्काम धुक्याच्या ऋतूत झाला म्हणून शहराचा सर्वात भयंकर काळ त्यांच्या वाट्यास आला नाही.

आता मुख्य यंत्रणेकडे वळू. जपानी बॉम्बफेकी विमानांचा तळ हँकौला होता, आणि तेथून चुंगकिंग सरळ रेषेत सुमारे पावणेपाचशे मैल. त्या काळच्या अवजड विमानांना हे अंतर कापावयास अडीच-तीन तास लागत, आणि हा सगळा मुलूख चिनी रयतेचा असल्यामुळे विमाने उडाली की त्यांची वर्दी गावोगावच्या चौक्यांवरून, टेलिफोनने आणि बिनतारी यंत्राने, विमानांच्या कितीतरी आधी राजधानीत येऊन पोचे. ह्या अंतराचे महत्त्व पटावयास इतर दोन शहरे पाहावी. बार्सेलोनावर हल्ला करणारी इटालियन विमाने मायोर्का बेटावरून, म्हणजे सव्वाशे मैलांवरून, येत. मधला प्रदेश समुद्राचा, तेथे वर्दी देणार कोण? लंडन तर फ्रान्सच्या किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आत. तेथे भोंगा वाजल्यापासून स्फोट होईपर्यंत कित्येकदा काही मिनिटेच हाती असत. चुंगकिंगला मात्र बहुधा तासभर तरी मिळे. काळ आला होता पण वेळ आली नव्हती असे आपण म्हणतो. येथे काळ हँकौहून निघाला की त्याच्या येण्याची वेळ शहराला आगाऊ कळविली जाई.

ती कळविण्याची रीत अगदी साधी आणि, मला वाटते, अतिशय चतुर होती. भोंगे होतेच, परंतु डोंगराळ शहरात आवाजापेक्षा दृष्टी दूर पोचते, म्हणून ठिकठिकाणच्या उंचवट्यांवर खांब रोवून त्यांवर कंदील चढविण्याचा प्रघात पडला. एक लाल कंदील चढला म्हणजे विमाने ह्या दिशेने येत आहेत. दुसरा चढला म्हणजे ती जवळ आली. आणि दोन्ही कंदील एकाएकी खाली उतरले म्हणजे ती डोक्यावर आली. संकट टळले की लांबट हिरवा कंदील वर जाई. पहिल्या कंदिलाला दुकानदार फळ्या लावी, आई पोरांना हाक मारी, आणि दाराशी नेहमी तयार ठेवलेले गाठोडे काखेस मारून माणसे पायऱ्या उतरू लागत. दुसऱ्या कंदिलाला रस्ते रिकामे होत. पाहुणा पहिल्यांदा हे पाहतो तेव्हा त्याला वाटते की गर्दी फार सावकाश चालली आहे, कोणी घाबरलेच नाही, हे धैर्य काही अलौकिक आहे; आणि तसे तो घरी पत्रात लिहितो. खरी गोष्ट अशी की ते धैर्य होतेच, पण त्याखाली एक हिशेब होता. एका कंदिलाला किती पायऱ्या आणि दोहोंना किती, हे तेथल्या सहा वर्षांच्या पोरालाही पाठ झालेले होते; हिशेब ठाऊक नव्हता तो पाहुण्याला.

भुयारांतही सगळे सारखे नव्हते. सरकारी कचेऱ्यांची, पेढ्यांची आणि धनिकांची भुयारे वेगळी, तेथे बाकडी, दिवे आणि कधी हवेची सोय; सार्वजनिक भुयारे वेगळी, तेथे दगडाचा ओलावा, तेलाचे दिवे आणि माणसाला माणूस चिकटलेले. पाहुणा, विशेषतः परदेशी पाहुणा, पहिल्या जातीच्या भुयारात बसविला जाई. त्यामुळे त्याने लिहिलेल्या वर्णनांत पुस्तक वाचीत बसलेले अधिकारी, गप्पा आणि चहा ह्यांचे प्रमाण जरा जास्त आढळते. ही त्याची लबाडी नव्हे. ज्या दाराने आपल्याला आत नेले त्याच दाराचे वर्णन माणूस करतो, एवढेच.

आत बसल्यावर काय होते, हे मात्र दोहोंकडे सारखेच. बॉम्ब दूर पडला तर त्याचा आवाज कानांआधी पाठीला कळतो, कारण खडकातून कंप हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला प्रथम धक्का लागतो आणि मग गडगडाट ऐकू येतो. बॉम्ब तोंडाजवळ पडला तर स्फोटाने दाबली गेलेली हवा बोळातून पिचकारीसारखी आत घुसते, दिवे एकदम मालवतात, कानांत दडे बसतात आणि पुढच्याच क्षणी ती हवा उलट ओढली जाते. म्हणूनच सरळ एका रेषेत खणलेल्या भुयारापेक्षा वळण घेणारे भुयार बरे, आणि एका तोंडापेक्षा दोन तोंडे बरी. वरचा खडक जाड असेल तर बॉम्बची भीती थोडी. खरी भीती श्वासाची. बंद जागेत शेकडो माणसे आणि जळते दिवे प्राणवायू सारखाच खातात, आणि हवा शिळी होत जाते ती इतकी हळूहळू की डोके दुखू लागले ते कशाने, हे माणसाच्या लक्षातही येत नाही.

१९३९ च्या ३ आणि ४ मे रोजी ह्या यंत्रणेची पहिली खरी परीक्षा झाली आणि तीत शहर नापास झाले. धुके नुकतेच उठले होते. कंदिलाची सवय अजून अंगात मुरलेली नव्हती. भुयारे थोडी होती. दुसऱ्या दिवशी विमाने संध्याकाळी आली, आगी लागल्या, बांबूची घरे एकमेकांना पेटवीत गेली, आणि दोन दिवसांत सुमारे चार हजार माणसे गेली. थिओडोर व्हाइट नावाचा एक अमेरिकन तरुण तेव्हा शहरात येऊन महिनाही झाला नव्हता. दोन दिवसांनी त्याला चोविसावे वर्ष पुरे होणार होते. चिनी सरकारच्या प्रचारखात्यात नोकरीस आलेला हा विद्यार्थीवजा पाहुणा पुढे आपल्या देशातील एक नामांकित पत्रकार झाला. त्या आगीनंतर सरकारने दाट वस्तीतून घरे पाडून रुंद पट्टे मोकळे केले, म्हणजे एका मोहल्ल्याची आग दुसऱ्यात जाऊ नये. बायकामुलांना खेड्यांत हलविण्याचा हुकूम सुटला. आणि खडक फोडण्याचे काम रात्रंदिवस चालू झाले.

पंडित नेहरू आले ते ह्यानंतर सुमारे साडेतीन महिन्यांनी. हवाई हल्ला त्यांना नवा नव्हता. आदल्या वर्षी जूनमध्ये कृष्ण मेनन ह्यांच्यासमवेत ते पाच दिवस बार्सेलोनात राहिले होते आणि तेथे रोज रात्री पडणारे बॉम्ब त्यांनी पाहिले होते. चुंगकिंगमध्ये स्वागतसमारंभांबरोबरच त्यांचा बराच वेळ भुयारांत गेला. पाहुण्याची कार्यक्रमपत्रिका कितीही बंदोबस्ताने आखली तरी चांदणे पडले की ती शत्रूच्या हातात जाते. कारण शहरातले सगळे दिवे मालविले तरी चंद्रप्रकाशात दोन नद्या चकाकतच राहतात आणि त्यांच्या संगमाकडे बोट दाखविल्यासारखे वैमानिकाला शहर दाखवितात. राष्ट्रीय सरकारचे नेते चँग कै-शेक आणि त्यांच्या पत्नी ह्यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या; परंतु युरोपात युद्ध पेटल्यामुळे नियोजित मुक्काम आटोपता घेऊन, सप्टेंबराच्या पहिल्या पंधरवड्यातच, ते परतले. परतीचे तिकीट असणे म्हणजे काय, ते येथे दिसते. आणि ते वापरण्यात काही गैर होते असे मुळीच सुचवावयाचे नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी एक चमत्कारिक व्यवस्था झाली. यांगत्सेच्या दक्षिण तीरावरील एक पट्टा आपण बॉम्बहल्ल्यातून वगळू, परकीय वकिलातींनी तेथे जावे, असे जपानी सरकारने कळविले. तेव्हापासून नदीच्या एका तीरावर हल्ला आणि दुसऱ्या तीरावर प्रेक्षागृह असा देखावा उभा राहिला. रे स्कॉट ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने त्या वर्षीच्या ऑगस्टातील महाभयंकर हल्ल्याचे रंगीत चित्रण केले ते दक्षिण तीरावरील उंच छपरावरूनच. त्यातून झालेल्या ‘कुकान’ ह्या चित्रपटाला १९४२ साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचे खास पारितोषिक मिळाले. चित्रण अमोल आहे ह्यात शंका नाही. पण नदीपलीकडून पाहिलेल्या आगीत माणूस दिसत नाही, धूर दिसतो. आणि धूर, कितीही भीषण असला तरी, दुरून सुंदर दिसतो, ही गोष्ट अशी चित्रे पाहताना विसरू नये. जपान्यांच्या वचनावर विसंबून बसलेल्यांनाही पुढे त्याची किंमत कळली: १९४१ च्या जुलैअखेरीस नदीत नांगरलेल्या ‘तुतुइला’ ह्या अमेरिकन तोफनावेच्या इतका जवळ बॉम्ब पडला की तिची मोडतोड झाली आणि टोकियोला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

त्याच १९४० च्या ऑगस्टात ‘झीरो’ जातीची नवी जपानी लढाऊ विमाने चुंगकिंगच्या आकाशात प्रथम आली, आणि १३ सप्टेंबरच्या झुंजीत त्यांतील तेरांनी चिनी दलाची दाणादाण उडविली. त्यानंतर आकाशात अडविणारे फारसे कोणी उरले नाही. उरली ती खालची यंत्रणा: वर्दी, कंदील आणि भुयार. जपानी सेनापतींनी आता बहुधा हे ओळखले, की चिनी लोकांना वाचविते ती खडकाची जाडी नसून आगाऊ मिळणारा तास आहे. तेव्हा हल्ला त्या तासावरच करावा. एका वेळी शंभर विमाने आणण्याऐवजी थोडी थोडी विमाने सारखी पाठवीत राहावयाचे, म्हणजे लाल कंदील उतरतच नाही, दुकान उघडत नाही, चूल पेटत नाही, झोप मिळत नाही. चिनी लोक ह्याला ‘थकविणारी बॉम्बफेक’ म्हणत. १९४१ च्या ऑगस्टात सलग आठवडाभर असे चालले. मुंबईत १९४२ साली दिव्यांना काळे कागद लावून ज्यांनी रात्री काढल्या त्यांना वाट पाहण्याचा शीण थोडाफार ठाऊक होता. मुंबईवर ते जपानी विमान कधी आलेच नाही, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा पुष्कळांना प्रथम ‘आले जपानी’ असेच वाटले, इतकी ती प्रतीक्षा अंगात भिनली होती.

ह्या थकविण्याच्या डावाचा सर्वात दारुण परिणाम ऑगस्टाच्याही आधी, ५ जून १९४१ रोजी, घडला. संध्याकाळी लोक जेवावयाच्या वेळी इशारा झाला. गावातल्या मोठ्या सार्वजनिक भुयारात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक माणसे शिरली, कारण पुष्कळांना दूरच्या भुयारांपर्यंत जावयास वेळ उरला नव्हता. विमाने थोडीच होती, पण तीन तुकड्यांनी, थांबून थांबून, जवळजवळ पाच तास येत राहिली, आणि तेवढा वेळ हिरवा कंदील चढला नाही. आत हवा संपत चालली. दिवे एकामागून एक मंद होऊन विझले. माणसे दारांकडे लोटली. दारे आतल्या बाजूस उघडणारी होती, आणि माणसांच्या भाराने ती उघडणे अशक्य झाले. भुयारावर पडलेल्या बॉम्बने त्या रात्री तेथे मारले असे जवळजवळ कोणी नाही; मेले ते गुदमरून आणि तुडवून. सरकारी आकडा हजाराच्या आसपास होता, आणि तो फार कमी आहे असे शहरात तेव्हापासून आजतागायत म्हटले जाते. चौकशी समिती बसली, अधिकारी दूर झाले, दारांची आणि हवेची तजवीज सुधारली. पाहुण्यांच्या भुयारांत त्या रात्री काही झाले नाही.

ह्या आठवड्यांपैकी एकही कोटणिसांनी पाहिला नाही. चुंगकिंगच्या मुक्कामातच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परत जावे असा सल्ला मिळाला. तो न मानता जानेवारी १९३९ मध्ये ते पथकाबरोबर मालमोटारीने उत्तरेतील येनानकडे निघाले. चोळकर त्याच वर्षी प्रकृतीमुळे मायदेशी परतले, इतरही यथाकाल परतले. कोटणीस उत्तरेत राहिले, तेथील भाषा शिकले, तेथेच लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. दिग्दर्शक व्ही. शांताराम ह्यांच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव आपल्या घराघरांत पोचले; मात्र ज्या शहरात त्यांनी परतीचे तिकीट फाडले ते चुंगकिंग त्या कीर्तीत कोपऱ्यातच राहिले आहे.

युद्धात चुंगकिंगवर दोनशेहून अधिक हल्ले झाले. बांबूच्या घरांचे ते शहर आता उरलेले नाही. जुन्या भुयारांतून काही ठिकाणी खाणावळी आणि दुकाने थाटली आहेत. दरवर्षी ५ जून रोजी मात्र शहरात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजविले जातात.